भाऊ जिवंत आहे, असं सांगतंय कोण?

प्रश्न विचारणाऱ्या ताई सांगली जिल्ह्यातल्या आहेत. तालुका आणि नावं मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांचा मोठा भाऊ, वय ४१, बेदाण्याचा व्यापारी. सात महिन्यांपूर्वी संध्याकाळी उधारीच्या वसुलीला म्हणून मोटारसायकलवरून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. रात्री फोन बंद. चौथ्या दिवशी गाडी मिरज स्टेशनच्या स्टँडवर सापडली. पोलिसांनी मिसिंग दाखल करून घेतली. नवव्या दिवशी वहिनींना आणि भागीदाराला भावाच्या नंबरवरून व्हॉट्सअॅप मेसेज आला, ‘मी ठीक आहे, कर्जाला कंटाळून चाललोय, शोधू नका’. तेव्हापासून ठाण्यात एकच उत्तर मिळतं की माणूस सज्ञान आहे, स्वतःहून गेलाय, येईल. पुढे ताईंना कळलं की भाऊ गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात कोल्ड स्टोरेजमधला त्याचा माल बाहेर पडला, आणि डिलिव्हरीच्या कागदावर भावाची सही आहे. घरच्यांचा संशय भागीदारावर आहे. ताई विचारतात, ‘प्रेतच मिळालं नाही तर खुनाचा गुन्हा होतो का? आम्ही आता काय करायचं?’

ताई, मी तीस वर्षांहून जास्त काळ पोलीस खात्यात काढला. त्यातली बरीच वर्षं तपासावर होतो. मिसिंगचे कागद हातावेगळे करताना आमच्याकडून काय सुटतं, ते मला आतून माहीत आहे. म्हणून थोडं लांबण लावून लिहितो. आईंना वाचून दाखवण्याआधी तुम्ही एकदा एकट्यानं वाचा.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहून पुढे गेलात. ती म्हणजे, ‘दादा कधी टाइप करत नसे, नेहमी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा.’ सगळ्या प्रकरणाचा दरवाजा तिथे आहे. आतापर्यंत सगळे एकच प्रश्न विचारत आलेत, भाऊ कुठे आहे? मी तपासावर असतो तर आधी विचारलं असतं, भाऊ जिवंत आहे अशी बातमी कुणी दिली, कुठून दिली, आणि त्या बातमीनं कुणाचं काम झालं?

यावर पुण्यातलंच एक जुनं प्रकरण सांगतो. आमच्या पिढीला ते प्रशिक्षणात शिकवलं जायचं. लक्ष्मीबाई कर्वे नावाची विधवा बाई, बऱ्यापैकी इस्टेट असलेली. डॉ. अनंत चिंतामण लागू हे त्यांचे डॉक्टर आणि घरोब्याचे. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री ते बाईंना मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून पुण्याहून गाडीनं घेऊन निघाले. पहाटे मुंबईत पोहोचल्या तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल करताना त्यांचं नाव लिहिलं गेलं ‘इंदुमती पौंशे’. त्याच दिवशी, १३ नोव्हेंबरला, त्या वारल्या. प्रेत घ्यायला कुणी आलं नाही. पुण्यात मात्र लक्ष्मीबाई ‘जिवंत’ राहिल्या. त्यांच्या नावानं नातेवाइकांना पत्रं येत राहिली की मी जोशी नावाच्या गृहस्थाशी लग्न केलं, जयपूरजवळ राठोडीला राहते, आता पुण्याला येणार नाही. पत्रं येत होती तोवर त्यांची मालमत्ता डॉक्टरांच्या हाती जात होती. अटक व्हायला १९५८ उजाडलं. शवविच्छेदनात विष सापडलं नव्हतं, तरी पुण्याच्या सत्र न्यायालयानं शिक्षा दिली, उच्च न्यायालयानं कायम केली आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही. तिथे तीनपैकी एका न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं होतं, हेही सांगायला हवं, कारण परिस्थितीजन्य पुराव्याची वाट नेहमीच अरुंद असते. बहुमतानं वजन दिलं ते वागणुकीला. खोटं नाव कशाला दिलं? मेलेल्या बाईची पत्रं कुणी लिहिली? माणूस मेलाय हे ठाऊक असलेल्यालाच तो जिवंत असल्याचं सोंग उभं करण्याची गरज पडते.

आता तुमच्याकडचा मेसेज आणि कोल्ड स्टोरेजचा कागद या प्रकरणाशेजारी ठेवून पाहा. मी भागीदाराला गुन्हेगार ठरवत नाही. मेसेज खरोखर भावानंही पाठवलेला असू शकतो. माझ्याच नोकरीत एक माणूस, ज्याचा घात झाला म्हणून गाव पेटायला आलं होतं, दीड वर्षानं परराज्यात एका ढाब्यावर पोळ्या भाजताना सापडला. पण मेसेज खरा की खोटा हे ठरवता येतं, आणि ते ठरवण्याआधीच ‘स्वतःहून गेला’ म्हणून कागद बाजूला ठेवणं चुकीचं आहे. तुमच्या अर्जात भर द्यायचा तो यावर.

मेसेज कसा तपासतात, ते सांगतो. भावाचा फोन त्या नवव्या दिवशी चालू झाला असेल, तर मोबाईल कंपनीच्या नोंदीत टॉवर येतो आणि हँडसेटचा आयएमईआय क्रमांक येतो. सिम तेच पण आयएमईआय वेगळा निघाला, तर सिम दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये घातलं गेलं. फोन चालूच झाला नसेल तरीही मेसेज जाऊ शकतो, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. व्हॉट्सअॅप एखाद्या कॉम्प्युटरला आधीपासून जोडलेलं असेल, तर फोन बंद पडल्यावरही साधारण १४ दिवस त्या कॉम्प्युटरवरून मेसेज जातात. तुमच्या भावाच्या गाळ्यात कॉम्प्युटर होता का? त्याला व्हॉट्सअॅप जोडलेलं होतं का? गाळ्याची किल्ली कुणाकडे होती? नववा दिवस १४ च्या आत येतो, म्हणून विचारतो. तो कॉम्प्युटर अजून जागेवर असेल तर त्याला हात लावू नका, चालू करून बघू नका. पंचनामा करून जप्त करण्याची लेखी मागणी करा. मेसेजमधला मजकूर कंपनी पोलिसांना देत नाही. खातं कुठल्या इंटरनेट जोडणीवरून वापरलं गेलं याची माहिती मात्र रीतसर मागितली तर मिळू शकते. १२० दिवस वापर झाला नाही की व्हॉट्सअॅप खातं पुसून टाकतं, म्हणजे भावाच्या बाजूचं खातं बहुधा गेलं असेल. तुमच्या हाती उरला आहे तो वहिनींचा फोन. तो बदलू नका, फॉरमॅट करू नका, गप्पा आपोआप पुसल्या जाण्याची सोय चालू असेल तर बंद करा. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात टिकत नाही. मूळ फोन लागतो किंवा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं जुन्या कायद्यातल्या ६५-ब प्रमाणपत्राबद्दल हे पक्कं करून ठेवलं आहे.

भावाच्या जुन्या आवाजी मेसेजांचीही जपणूक करा. वर्षभरात त्यानं वहिनींना किती आवाज पाठवले आणि किती वेळा टाइप केलं, हे त्याच फोनवरून मोजून दाखवता येतं. त्या एका मेसेजातली भाषा, ‘चाललोय’ हा शब्द तो घरी वापरायचा का, मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचा तर ‘ळ’ आणि ‘छ’ कसे लिहायचा, हे सगळं पुराव्याच्या कामाचं असतं. पूर्वी हस्ताक्षर बघायचे, आता हे बघतात.

तुमच्या प्रश्नाचा गाभा, म्हणजे प्रेत. प्रेताशिवाय खुनाचा गुन्हा दाखल होतो, खटला चालतो आणि शिक्षाही होते. सर्वोच्च न्यायालयानं १९८१ साली हिमाचलच्या रामानंद खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. प्रेत मिळणं ही सावधगिरीची कसोटी आहे, अट नव्हे. नाहीतर प्रेताची विल्हेवाट नीट लावणारा प्रत्येक खुनी सुटला असता. आपल्याकडचं ताजं उदाहरण अश्विनी बिद्रे यांचं. त्या स्वतः पोलीस खात्यात सहायक निरीक्षक, मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या. एप्रिल २०१६ मध्ये नवी मुंबईतून बेपत्ता झाल्या. अपहरणाचा गुन्हा नोंदवला गेला जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांनी. पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर यांना अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या काळात त्यांना राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झालं होतं. एका पोलीस अधिकाऱ्याच्या बेपत्ता होण्याची ही गत झाली, हे मी आजही शांतपणे लिहू शकत नाही. वसईच्या खाडीत शोध घेतला गेला, मृतदेह मिळाला नाही. तरीही फोनच्या नोंदी, लोकेशन आणि साक्षी जोडून एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयानं कुरुंदकर यांना जन्मठेप सुनावली. त्या कुटुंबानं नऊ वर्षं पाठपुरावा सोडला नाही.

नऊ वर्षं हा आकडा मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण नऊ महिन्यांत पुसल्या जाणाऱ्या गोष्टी नऊ वर्षांनी परत येत नाहीत, हे ध्यानात ठेवून कामाचा क्रम लावा.

मिसिंगची नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. मिसिंग दाखल झाल्यावर वर्णन बिनतारी संदेशानं जातं, फोटो फिरतो, हवालदार दोन-चार जबाब घेतो. पुढे झडती, जप्ती, अटक यांतलं खरं बळ येतं ते गुन्हा दाखल झाल्यावर. मूल बेपत्ता असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशामुळे थेट अपहरणाचा गुन्हा घेतात. सज्ञान माणसाला ती सवलत नाही. म्हणून ‘आमचा माणूस हरवलाय’ एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिलात, तर उत्तरही तेच मिळत राहील. तुमच्या फिर्यादीत घात झाल्याचं दाखवणाऱ्या गोष्टी तारीखवार याव्या लागतात. मग प्रश्न संशयाचा राहत नाही, दखलपात्र गुन्ह्याच्या माहितीचा होतो, आणि तशी माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे. हा नियम घालून देणारा ललिता कुमारी निवाडा, १२ नोव्हेंबर २०१३ चा, पाच न्यायमूर्तींचा. त्याच्या मुळाशीही उत्तर प्रदेशातली एक बेपत्ता मुलगीच होती, जिच्या वडिलांची फिर्याद घेतली जात नव्हती.

तुमच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम १४० लागू होण्याजोगं आहे, खून करण्यासाठी किंवा गुप्तपणे डांबून ठेवण्यासाठी पळवून नेणं. शिवाय कोल्ड स्टोरेजच्या कागदावरची सही खोटी असेल तर बनावट दस्तऐवज आणि फसवणूक हा स्वतंत्र गुन्हा होतो. माझा अनुभव सांगतो, कधी कधी मोठ्या गुन्ह्याचं कुलूप या लहान किल्लीनं उघडतं. खुनाच्या संशयावर ठाण्यात कुणी हलत नाही, पण माल उचलल्याचा कागद समोर ठेवला की जबाब घ्यावाच लागतो. त्या जबाबात माणूस ‘भावानं मला स्वतः सही करून दिली’ असं म्हणाला, की तो स्वतःलाच तारखेला बांधून घेतो. कधी दिली, कुठे दिली, तेव्हा फोन कुठे होता?

म्हणून कोल्ड स्टोरेजकडे आधी जा. भांडायला नव्हे, वारस म्हणून माहिती मागायला. वहिनींना पुढे करा. माल कुठल्या पावतीवर ठेवला होता, किती बॉक्स, डिलिव्हरी ऑर्डर कुणी आणली, गेटपासवर कुठल्या गाडीचा नंबर आहे, वजनकाट्याची चिठ्ठी आहे का, ई-वे बिल निघालं असेल तर कुणाच्या खात्यावरून, आणि पैसे कुणाच्या बँकेत उतरले. ते कागद देणार नाहीत, फक्त दाखवतील. बघून तिथल्या तिथे वहीत टिपून घ्या आणि तारीख-वेळ घाला. मूळ कागद पोलिसांनी जप्त करावेत अशी मागणी अर्जात करा. सही सीआयडीच्या हस्ताक्षर तज्ज्ञांकडे जाते आणि तुलनेसाठी त्या काळातल्या निर्विवाद सह्या लागतात. बँकेचे चेक, भाडेकरार, मुलांच्या शाळेचे अर्ज, सोसायटीचे कागद गोळा करून ठेवा. दहा वर्षांपूर्वीच्या सहीचा उपयोग कमी.

दुसरी वही करा शेवटच्या दिवसाची. हे काम पोलिसांपेक्षा घरची माणसं चांगलं करतात. सकाळी उठल्यापासून फोन बंद होईपर्यंत प्रत्येक तासाला एक पान द्या. कुणी पाहिलं, काय बोलला, काय खाल्लं, अंगावर काय होतं, खिशात किती रोकड होती, कुणाकडे वसुलीला जातो म्हणाला. समोर लिहा, हे कशावरून? साक्षीदार, यूपीआयची नोंद, पेट्रोल पंपाची पावती, की नुसती आठवण. ज्या तासांची पानं कोरी राहतील, ती कोरीच ठेवा. ओढूनताणून भरू नका. कोरी पानं कुणाबरोबर घालवलेल्या वेळेची आहेत, तेच तपासाला हवं असतं. शेवटचं सोबत कोण दिसलं हे सिद्ध झालं आणि मध्ये फार काळ गेला नसेल, तर पुढे काय झालं हे सांगण्याची जबाबदारी त्या माणसावर येऊ शकते. कायदा म्हणतो, जी गोष्ट खास तुलाच ठाऊक आहे ती तूच सांग. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम १०६, आताच्या साक्ष्य अधिनियमातलं १०९. एकट्या या कलमावर शिक्षा होत नाही, पण साखळीत ती कडी फार जड असते.

गाडीबद्दल तुम्ही लिहिलंय की ती घरी आणली, धुतली आणि पुतण्या वापरतो. ताई, वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक घरांत असंच होतं. आता निदान तिथेच थांबा, वापर बंद करा. गाडीपेक्षा मला स्टँडची पावती जास्त महत्त्वाची वाटते. स्टेशनच्या स्टँडवर गाडी लावली की वेळ आणि नंबर पडतो. गाडी तुम्ही सोडवून आणलीत तेव्हा पैसे भरले असतील, म्हणजे लावल्याची वेळ कुठेतरी नोंदलेली होती. त्या ठेकेदाराची वही किंवा मशीनमधली नोंद अजून असू शकते. भावाच्या फोनचं शेवटचं लोकेशन आणि गाडी लागल्याची वेळ यांचा मेळ बसतो का, हा साधा हिशोब आहे. फोन आठला तासगावच्या बाजूला बंद झाला आणि गाडी मध्यरात्री मिरजेत लागली, असं काही निघालं, तर मधले चार तास गाडी कोण चालवत होतं, हा प्रश्न उभा राहतो. हे मी उदाहरण म्हणून लिहितोय, तुमच्याकडच्या वेळा मला ठाऊक नाहीत.

सीसीटीव्हीची आशा आता धरू नका. बहुतेक ठिकाणी १५ ते ३० दिवसांत जुन्यावर नवं चढतं. मी एका ठिकाणी असताना पेट्रोल पंपाचं चित्रण आणायला आम्ही अठराव्या दिवशी गेलो आणि ते सोळाव्या दिवशी पुसलं गेलं होतं. त्या घरातली म्हातारी अजून माझ्या डोळ्यांसमोर येते. ज्यांच्या घरात हे कालपरवा घडलंय, त्यांनी पहिल्या आठवड्यातच दुकानदारांना हात जोडून चित्रण पेनड्राइव्हवर काढून ठेवायला सांगावं, पोलीस येण्याची वाट बघू नये. कॉलच्या नोंदी मात्र कंपन्यांना दोन वर्षं ठेवाव्या लागतात, २०२१ च्या डिसेंबरपासून तसा नियम आहे. तुमचे सात महिने गेलेत, अजून सतरा आहेत. त्या नोंदी तुम्हाला थेट मिळत नाहीत, पोलिसांनी मागवाव्या लागतात. तुम्ही अर्जात एवढंच विचारायचं, भावाच्या, आणि ज्यांच्याकडे तो निघाला होता त्यांच्या क्रमांकांच्या नोंदी मागवल्या आहेत का, कुठल्या तारखेला? उत्तर लेखी मागा.

भावाचं सिम प्रीपेड होतं असं तुम्ही लिहिलंय. ९० दिवस वापर नसला की नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो. आजच चौकशी करा, अजून भावाच्या नावावर असेल तर रिचार्ज मारून चालू ठेवा. उद्या त्या नंबरवर कुणी अनोळखी बाई बोलली आणि आईंना वाटलं की दादाच्या फोनवर बाई आहे, तर घरात काय होईल ते मी पाहिलेलं आहे.

बेवारस प्रेतांची चौकशी ही मनाला सगळ्यात जड जाणारी गोष्ट, पण ती टाळू नका. अनोळखी प्रेत मिळालं की त्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद व्हायला हवी, वर्णन संगणकावर चढायला हवं आणि मिसिंगशी ताळा घातला जायला हवा. हे प्रत्येक वेळी होत नाही. शीना बोरा प्रकरण आठवा. एप्रिल २०१२ मध्ये मुलगी दिसेनाशी झाली, मे महिन्यात पेण तालुक्यात जळालेले अवशेष मिळाले, पण तेव्हा अकस्मात मृत्यूसुद्धा नोंदवला गेला नाही. ते अवशेष कुणाचे हा प्रश्न पुढे आला ऑगस्ट २०१५ मध्ये, तोही दुसऱ्याच गुन्ह्यात पकडलेल्या एका माणसाच्या चौकशीतून. तो खटला अजून चालू आहे, त्यामुळे कुणी काय केलं यावर मी बोलत नाही. त्या तीन वर्षांत तिच्या नावानं नोकरीचा राजीनामा आणि मेसेज गेले, ते बनावट होते, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. आरोप सिद्ध होवो न होवो, तपास करणाऱ्याला हा नमुना ओळखता आला पाहिजे.

तेव्हा अर्जात लिहा की सांगली, कोल्हापूर, सोलापूर, सातारा आणि सीमेपलीकडचे बेळगाव, विजापूर या जिल्ह्यांत त्या तारखेपासून मिळालेल्या अनोळखी पुरुष प्रेतांची यादी ताडून पाहावी, आणि आईंचा डीएनएसाठी रक्तनमुना घेऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवावा. आईंचं वय झालंय, तो नमुना आत्ताच घेतला जावा. भावाचे दात, जुनं हाड मोडल्याचं एक्स-रे, शस्त्रक्रियेची खूण, हातातलं कडं, बुटाचं माप असं जे असेल ते एका कागदावर लिहून द्या.

अर्ज कुणाकडे करायचा? ठाण्यात फिर्याद द्या आणि पोच घ्या. घेतली नाही तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ च्या पोटकलम ४ खाली. तिथूनही काही झालं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५ च्या पोटकलम ३ चा अर्ज, शपथपत्रासह. ही पायरी ओलांडून थेट वर गेलात तर आधी खाली जा म्हणून परत पाठवतात. तपास स्थानिक गुन्हे शाखेकडे द्यावा अशी विनंती अधीक्षकांना त्याच अर्जात करा. हायकोर्टात हेबियस कॉर्पस टाकता येते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यानं त्यासाठी तुम्हाला मुंबई गाठावी लागणार नाही. पण ती याचिका मुळात बेकायदा डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणण्यासाठी असते. भाऊ कुणाच्या ताब्यात आहे हे म्हणायला आधार नसेल तर कोर्ट ती फार लांबवत नाही. तपास नीट व्हावा, त्यावर देखरेख राहावी अशी मागणी करणारी फौजदारी रिट तुमच्या प्रकरणाला जास्त शोभेल. वकिलांशी हा फरक बोलून घ्या.

‘भागीदाराची नार्को करा’ ही मागणी तुमच्या निवेदनात तीनदा आली आहे. ती काढून टाका. २०१० च्या सेल्वी निवाड्यानंतर संशयिताच्या संमतीशिवाय नार्को किंवा लाय डिटेक्टर करता येत नाही. त्या मागणीनं अधिकाऱ्याला नकार द्यायला सोपं कारण मिळतं आणि बाकीच्या खऱ्या मागण्या तिच्याखाली दबून जातात.

गावात भागीदाराच्या नावाचे फलक लावायचा विचार चाललाय, तोही थांबवा. तो निर्दोष असेल तर तुमच्या हातून एक घर उद्ध्वस्त होईल. दोषी असेल तर तो सावध होईल, आणि उद्या त्याचा वकील म्हणेल की साक्षीदार गावाच्या दबावाखाली बोलले. पोरांना सांगा, त्याला अडवू नका, मारहाण करू नका. बक्षिसाची जाहिरात द्यायची तर फोन नंबर तपासी अंमलदाराचा द्या, घरचा नको. घरचा नंबर दिलात की ‘तुमचा माणूस आमच्याकडे आहे, पैसे पाठवा’ म्हणणारे भामटे रात्री-अपरात्री फोन करतील. प्रश्न बघणाऱ्या देवऋषींकडे आई जातात असं लिहिलंय. आईंना मी काय सांगणार, पण त्यांनी सांगितलेली दिशा अर्जात लिहू नका.

आता सात वर्षांबद्दल, कारण वहिनींना विमा आणि बँकेनं मृत्यूचा दाखला मागितलाय. साक्ष्य अधिनियमाचं कलम १११ म्हणतं की ज्यांना स्वाभाविकपणे खबर मिळाली असती, त्यांना सात वर्षं काहीच खबर नसेल, तर माणूस हयात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर जाते. इथे तुमचा तो मेसेज पुन्हा आडवा येतो. तो भावाचाच मानला गेला तर खबर मिळाली असं होतं आणि सात वर्षांचं मोजमाप त्या दिवसापासून सुरू होतं. म्हणून आजच लेखी नोंदवून ठेवा की हा मेसेज आमच्या माणसानं पाठवल्याचं आम्हाला मान्य नाही. विम्याचे हप्ते मात्र बंद करू नका. २००४ साली आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सात वर्षांचं गृहीत फक्त मृत्यूपुरतं आहे, मृत्यू कधी झाला ते त्यातून ठरत नाही. मधल्या काळात हप्ते थकून पॉलिसी बंद पडली तर घरच्यांच्या हाती काही लागत नाही. खुनाचा गुन्हा सिद्ध झाला किंवा अवशेषांची ओळख पटली, तर सात वर्षं थांबावं लागणार नाही, हेही वहिनींना सांगा.

एक शक्यता राहते. सगळं करूनही तपास अडेल आणि पोलीस ‘अ’ समरी पाठवतील, म्हणजे गुन्हा खरा, पण उलगडा नाही. त्याला कुटुंबं शेवट समजतात. तसं नसतं. नवा पुरावा आला की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ च्या पोटकलम ९ खाली पुढचा तपास होऊ शकतो. भागीदाऱ्या तुटतात, नोकर काम सोडतात, गप्प बसलेल्या माणसाचं चार वर्षांनी कुणाशी तरी बिनसतं. तेव्हा तुमच्या त्या दोन वह्या लागतील. त्यांची झेरॉक्स काढून एक प्रत नातेवाइकांपैकी दुसऱ्या गावच्या माणसाकडे ठेवा.

येत्या सोमवारी वहिनींबरोबर कोल्ड स्टोरेजला जा, येताना मिरजेच्या स्टँडवर थांबा. गाडी सोडवतानाची पावती घरात कुठे असेल तर शोधा. पुतण्याच्या पाकिटात, गाडीच्या डिकीत, देव्हाऱ्यातल्या डब्यात, अशा ठिकाणी असे कागद राहतात. तिच्यावरची वेळ मला कळवा. अधीक्षकांच्या अर्जाचा मसुदा मी तोवर लिहून ठेवतो.